सातव्या दिवसाचं पाणी

आक्का, परवा मी खोटं बोलले. तुझ्याच घरात, तुझ्याच नणंदेच्या तोंडावर, गल्लीतल्या दहा-पंधरा बायका ऐकत असताना, आणि तेही पापणी न लववता. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. म्हणाली असतीस, "का व मास्तरीण, आते कसं वाटस?" म्हणून तुलाच सांगते. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

होळीनंतर चौथ्या दिवशी तू गेलीस. हेल्थ सेंटरवर साहेब तुझ्याबद्दल चांगलं बोलले. किती वर्षं नोकरी, रोज किती घरं, रजा कशी कधी घेतली नाही, सगळं सांगून झालं. एक फोटो, एक हार, दोन मिनिटं उभं राहणं. त्यात तू मला कुठं दिसली नाहीस. फोटोतसुद्धा कुणीतरी दटावून बसवल्यासारखी बसली होतीस. मला आठवतेस ती पाण्याच्या ड्रमात वाकलेली, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातानं चष्मा सावरणारी, आणि ड्रमातून घुमत येणारा तुझा आवाज, "शेतस व, शेतस! दख, कशा नाची राहिन्यात!" डासांच्या अळ्या सापडल्या की तुला हरवलेली वस्तू सापडल्याचा आनंद व्हायचा. मला किळस यायची. ती किळस जायला दोन वर्षं लागली, आणि ती तू घालवलीस.

त्या प्लेगच्या वर्षी निम्मी सुरत गाठोडी घेऊन स्टेशनावर गेली, आणि माणसं परत आल्यावर शहरात झाडू, औषध, तपासणी सगळंच वाढलं. त्या भरतीत मी आले. तू त्याआधीपासूनची. मला तुझ्याबरोबर दिलं गोडादऱ्याच्या अलीकडच्या सहा गल्ल्यांत. सगळी लूमवाल्यांची वस्ती, त्यात निम्म्याहून जास्त खानदेशी. मी जालन्याकडची. तुमची अहिराणी मला पहिले महिनाभर अर्धीच कळायची, आणि उरलेली अर्धी माझ्याबद्दलच असणार असं वाटायचं. तू पाणी बघायचीस, मी रजिस्टर लिहायची. कुणाला ताप असेल तर बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, साठवलेलं पाणी सात दिवसांच्या आत ओतून भांडं कोरडं करायला सांगायचं. निघताना दाराशेजारी भिंतीवर गेरूनं तारीख घालायची आणि खाली दोघींच्या सह्या. आधी तुझी, मग माझी.

आणि रोज सगळ्यात शेवटी तुझं घर. आपल्याच हद्दीत होतं ते. तू दारातच बाजूला उभी राहायचीस. "मनं घर तू दख," म्हणायचीस, "मी दखसू तर मी सोडी दिसू." मी मोरी, माठ, ड्रम, तुळशीखालची ताटली, सगळं बघायची. एकदाही एक अळी सापडली नाही. त्याचा तुला केवढा तोरा होता! मेहूण जेवायला बोलवावं तसं तू लोकांना घराचं पाणी बघायला बोलवायचीस.

पण सांगायचंय ते सिंधूबाईच्या घागरीपासून.

माझं पहिलंच वर्ष. आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. ज्यांना गावी जायला जमलं नव्हतं त्यांनी इथंच आपल्या मेलेल्या माणसांच्या नावानं घागरी भरल्या होत्या. लाल नवी घागर, तोंडावर लोटी, लोटीवर डांगर, म्हणजे खरबूज. आमच्याकडंही घागर पुजतात, पण आमच्या घरी दुसऱ्या दिवसापासून तिचं पाणी प्यायला घेतात. या गल्लीत बघते तर घागर कोपऱ्यात तशीच, आणि रोज त्यात वरून तांब्याभर पाणी. का, तर गावाकडं पितरांना घर ओळखीचं असतं, ते बरोब्बर आखाजीला येतात. सुरतेतल्या भाड्याच्या खोलीचा पत्ता त्यांना कुठं ठाऊक? विचारत विचारत यायला उशीर होणारच. तोवर पाणी पाहिजे.

सिंधूबाईचा नवरा आदल्या पावसाळ्यात तापानं गेला होता. मलेरियाच, तोही डोक्यात चढलेला. तिच्या घागरीत मी टॉर्च मारला तर आत नुसती वळवळ. तू शेजारच्या घरात होतीस. मी काही विचारलं नाही. लोटी बाजूला ठेवली, घागर उचलली आणि दारासमोरच्या गटारात ओतली. सिंधूबाई धावत आली. "हाई मन्हा मालकनं पानी व्हतं व," एवढंच म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली. आणि मी काय म्हणाले ते तुला ठाऊक आहे. मला रोज आठवतं. मी म्हणाले, "ज्या डासानं नवरा नेला, तेच डास तुम्ही त्याच्या नावानं पाळलेत."

खरं होतं ते. अक्षर न् अक्षर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी गल्लीतलं एकही दार उघडलं नाही. कड्या आतून. आतमध्ये भांड्यांचे आवाज, लेकरांची रडारड, आणि आपण बाहेर रजिस्टर घेऊन. मी तुला म्हणाले, मी नोकरी सोडते. मला वाटलं तू समजूत घालशील. तू म्हणालीस, "सोड. पण आधी पानी भरानं शे, चाल." मला कळेना कसलं पाणी. दुसऱ्या सकाळी नळ यायच्या वेळेला तू तुझी स्वतःची घागर घेऊन आलीस, सार्वजनिक नळावर रांगेत उभी राहिलीस, घागर भरलीस, खांद्यावर घेतलीस आणि सिंधूबाईच्या दारात जाऊन उभी राहिलीस. कडी वाजवली नाहीस. उभीच राहिलीस. अर्ध्या तासानं तिनंच दार उघडलं.

"दख सिंधू," तू म्हणालीस, "हाई पोरगी तिकडली शे, तिले आपली रीत माहीत नही. तिनं गटारमा वतं, ते चुकनंच. पानी झाडना बुडले वतानं ऱ्हास. पन सातवा रोजले बदलानं तर व्हतंच ना? आमनाकडे सातवा रोजले घागरनं पानी बदली देतस. शिळं पानी पितरेस्ले कोनी देस का?"

सिंधूबाई बघत राहिली. "खरंच?"

"खरंच व माय. मालक जित्ता व्हता तवय तू त्याले शिळं पानी दे का?"

सिंधूबाईनं मान हलवली. मग तुम्ही दोघींनी मिळून ती घागर घासली, उन्हात पालथी घातली, कोरडी झाल्यावर तिच्यात ताजं पाणी भरलं, वर तिनं धुतलेल्या पातळाचा तुकडा बांधला. तू म्हणालीस, कचरा पडू नये म्हणून. खरं तर डास शिरू नये म्हणून. सगळं होईपर्यंत मी बाहेर उन्हात उभी. शेवटी सिंधूबाईनं मला आत बोलावलं आणि पाणी दिलं. मी ते गटागटा प्यायले आणि मला रडू आलं.

परत येताना मी विचारलं, "आक्का, तुमच्याकडं खरंच अशी रीत आहे?"

"नही," तू म्हणालीस. "आते व्हयनी."

इथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

माझं म्हणणं साधं होतं. आपण सरकारी माणसं. आपण लोकांना खरं सांगायचं. अळी म्हणजे काय, डास कसा होतो, ताप कसा येतो. पितरांच्या नावानं थापा मारायच्या नाहीत. आज तू चांगल्या कामासाठी रीत बनवलीस, उद्या दुसरा कुणी वाईट कामासाठी बनवील, मग त्याला कुठल्या तोंडानं अडवणार? तू ऐकून घ्यायचीस. कधी म्हणायचीस, "तुनं बी खरं शे." कधी नुसतीच तंबाखूची डबी उघडून बंद करायचीस. एकदाच चिडलीस. "खरं सांगीसन तू काय करं? सिंधूनी दार लाई लिधं. मी खोटं सांगीसन उघाडं." मग लगेच मऊ झालीस आणि तुझं ते नेहमीचं वाक्य म्हणालीस, "तोंडघाई बोलानं ते मानूस दखीसन, रजिस्टरमा लिखानं ते पानी दखीसन." माणूस बघून बोलायचं, पाणी बघून लिहायचं. आणि दुसरा अर्धा भाग तू काटेकोर पाळलास, हे मला कबूल करावंच लागेल. लग्नसराईत निम्मी गल्ली कुलपात असायची, तेव्हा आपल्याला वरून सांगण्यात आलं होतं की बंद घरापुढं 'तपासलं' लिहून टाका, वर्षाचा आकडा चांगला दिसतो. तू पेन माझ्या हातातून काढून घेतलंस आणि मोठ्या अक्षरांत लिहिलंस, बंद.

दुसऱ्या आखाजीला सहा-सात घरांत सातव्या दिवशी घागरी बदलल्या. तिसऱ्या वर्षी गल्लीभर. आणि तू तेवढ्यावर थांबतेस होय! तू बायकांना विचारायला लागलीस, मेलेल्या माणसाला ताजं पाणी आणि जित्या लेकरांना शिळं, असं का? मग दर गुरुवारी ड्रम पालथे पडायला लागले. गल्लीच्या टोकाला जो एकच कडुलिंब आहे त्याच्या बुडाशी एवढं पाणी पडायचं की भर उन्हाळ्यात त्याच्याखाली चिखल. मी सुरुवातीला त्याच्यावरून पण तुला बोलले होते, की आता इथं साचेल. तू फावडं आणून आळं केलंस.

तसं आपलं वर्ष भरगच्च असायचं. थंडीत पोलिओचे रविवार, घरोघरी जाऊन कडेवरची लेकरं हुडकून आणायची. मग शाळांतली प्रभातफेरी, पोरं घोषणा द्यायची आणि निम्म्या घोषणा गुजरातीत असल्यानं तू नुसतंच "हो हो" ओरडायचीस. उन्हाळ्यात पावसाआधीची मोठी तपासणी, टाक्यांत गप्पी मासे सोडणं. ते मासे पिशवीतून नेताना तू त्यांच्याशी बोलायचीस, नवीन सुनेला सासरी पाठवावं तसं. पावसाळ्यात तापाची घरं. गणपतीच्या मांडवात रक्त तपासणीचं शिबिर, आणि त्यात आरतीला आलेल्या माणसांना तू प्रसाद देण्याआधी विचारायचीस, "ताप येस का?" दिवाळीनंतर अंगावर कुष्ठाचे डाग असलेल्यांची, खोकणाऱ्यांची पाहणी. शेवटी वर्षाचा अहवाल. हे सगळं करताना मी पोटुशी होते ते वर्ष आठवतं? सहाव्या महिन्यापासून तू मला एका ड्रमात वाकू दिलं नाहीस. माझ्या वाट्याचं तूच वाकलीस. लोकांना वाटायचं मी साहेबीण आणि तू माझी मदतनीस. तू ते कुणाला दुरुस्त करून सांगितलं नाहीस.

आणि मी त्याची परतफेड कशी केली? अहवालाच्या बैठकीत.

ही गेल्या वर्षअखेरची गोष्ट. आपल्या सहा गल्ल्यांत अळ्यांची घरं सगळ्यात कमी निघाली. साहेब खूश. भरल्या बैठकीत म्हणाले, "आपके एरिया में क्या किया, सबको बताओ." तू मला कोपर मारलंस, तू बोल, तुला नीट बोलता येतं. मी उभी राहिले. मी गुरुवारचं सांगू शकले असते, गल्लीतल्या बायकांचं सांगू शकले असते. मी म्हणाले, "साहेब, आक्कानं एक खोटी रीत काढलीय, आणि बायकांना ती खरी वाटते." आणि मग सगळंच सांगितलं. घागर, सातवा दिवस, शिळं पाणी, सगळं. लोक हसायला लागले. सुपरवायझर म्हणाले, "आक्काबेन, नवो धरम काढ्यो के शुं?" तूही हसलीस. पण तुझी बोटं पदराच्या काठाचा दोरा ओढत होती. त्या बैठकीत काठ निम्मा उसवला.

बसस्टॉपवर तू एवढंच म्हणालीस की सिंधूला कळलं तर तिला काय वाटेल. मी म्हणाले, खोटं ते खोटंच. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी आलीस, डब्यातली कळण्याची भाकरी निम्मी मला दिलीस, तो विषय परत काढला नाहीस. मला वाटलं तू विसरलीस. आता वाटतं की तू माझ्यासाठी विसरल्यासारखं केलंस. मी माफी मागायला पाहिजे होती. आज मागू, उद्या मागू, असं म्हणत दोन-अडीच महिने गेले. आपण रोज आठ तास बरोबर, आणि मला सवड मिळाली नाही. आक्का, माझं चुकलं. जे बोलले ते खरं असेल, पण चुकलं.

होळीच्या आदल्या दिवशी एका टाकीच्या पायऱ्या चढताना तू मध्येच थांबलीस. छातीवर हात ठेवलास. घाम होता, पण घाम कुणाला नव्हता? मी विचारलं, काय होतंय? तू म्हणालीस, "काही नही व, गॅस शे." मी कोपऱ्यावरून सोडा आणून दिला. तू प्यायलीस, ढेकर दिलीस, म्हणालीस, बघ, बरं वाटलं. आणि मी मान्य केलं! शिंक आली तरी माणसाला सेंटरवर ओढून नेणाऱ्या आपण दोघी. मी तुझी सगळी खोटी बोलणी पकडली, त्यांच्यावर भांडले, भरल्या बैठकीत ती उघडी केली. आणि हे एकच पकडायला पाहिजे होतं, ते मला खरं वाटलं.

आता परवाचं ऐक.

आखाजीला वंदनानं तुझ्या नावाची घागर भरली. तुझी लेक तुझ्यासारखीच, रडता रडता सगळं नीट करणारी. गावाहून तुझी नणंद आलेली, मथाआत्या. सांजोऱ्या तिनंच केल्या. छान झाल्या होत्या, पण तुझ्या हाताच्या जरा जास्त खुसखुशीत असायच्या. परवा सातवा दिवस. मी सेंटरवरून निघून मुद्दाम तुझ्या घरी आधी गेले, शेवटी नाही. तर दारात ही गर्दी. गल्लीतल्या बायका आपापल्या घागरींचं पाणी कडुलिंबाला घालून आल्या होत्या आणि तुझ्या घागरीसाठी थांबल्या होत्या. वंदना घागरीला हात लावणार, तेवढ्यात मथाआत्या आडवी आली.

"आमना गावमा आसं काही नही," ती म्हणाली. "मेलेलानं पानी वतानं नही. पाप शे. पहिली आखाजी शे तिनी. पानी आपसुक आटस तवय आटू दे."

बायकांत कुजबुज झाली. सिंधूबाई पुढं आली. आणि आक्का, तिनं काय सांगावं? "आशी कशी रीत नही? मन्ही आजी बी करे!" चार वर्षांपूर्वी माझ्यासमोर 'खरंच?' म्हणून विचारणारी सिंधूबाई. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिच्या चेहऱ्यावरून सांगते, तिला तिची आजी खरोखर दिसत होती, घागर घेऊन झाडाशी चाललेली.

मथाआत्या काही कमी नाही. "तुनी आजी करत व्हई. मन्ही वहिनी आमना गावनी. तठे मी जल्मनू, वाढनू. आशी रीत नही म्हनजे नही. कोनी काढी हाई?"

कुणी काढली ही? वंदना घागरीशेजारी बसलेली, एक हात घागरीवर, आणि ती माझ्याकडं बघायला लागली. मग सगळ्याच बघायला लागल्या. "मावशी," वंदना म्हणाली, "तुम्ही आईबरोबर होता इतकी वर्षं. तुम्ही सांगा. आईनं हे मनानं काढलं का? सेंटरवरचं कुणीतरी दहाव्याला तसं म्हणालं."

ते कुणीतरी कुठून शिकलं, हे मला ठाऊक होतं. माझ्याच तोंडून.

चार वर्षं मी ज्या खऱ्यासाठी तुझ्याशी भांडले, ते खरं सांगायची याहून चांगली वेळ कुठली होती? हो म्हणायचं होतं फक्त. हो, आक्कानं मनानं काढलं. मग मथाआत्या जिंकली असती, तुझी घागर कोपऱ्यात राहिली असती, आणि पुढच्या वर्षी गल्लीत एकीनंही घागर बदलली नसती. ड्रमसुद्धा नाही. आणि तुझ्या लेकीनं आपल्या आईला, तिच्या पहिल्या आखाजीला, थापाडी म्हणून पाणी पाजलं असतं. मी वंदनाकडं बघितलं. माणूस बघून बोलायचं.

"रीत आहे," मी म्हणाले. "पण आत्याबाई, तुमच्या गावची नाही. आक्काच्या माहेरची आहे. तापीकाठचं माहेर तिचं. नदीकाठच्या माणसांना शिळं पाणी चालत नाही, जित्यांना नाही आणि मेलेल्यांना नाही. मला आक्कानंच सांगितलं, तिच्या आईच्या घागरीच्या वेळी." तुझ्या आईची घागर मी कधी बघितली नाही, आक्का. तुझं माहेरही नाही. तिथं आता सांगायलाही कुणी उरलेलं नाही, हे मात्र पक्कं माहीत होतं. मी अशी सराईत निघाले की माझी मलाच भीती वाटली.

मथाआत्या विचारात पडली. तिनं पदर सारखा केला. "माहेरनी रीत व्हई तर गोष्ट येगळी," ती म्हणाली. "मंग आसं पहिलेच सांगानं ना व." सासरच्या माणसानं माहेरच्या रितीत बोलू नये, एवढा मान ती जाणते. आणि आक्का, तिनं स्वतः घागर उचलली.

"थांबा," मी म्हणाले. सवयच. टॉर्च काढला, आत मारला.

दोन होत्या. तुझ्या घागरीत, तुझ्या घरात, दोन अळ्या, मस्त नाचत होत्या. कापड बांधायचं वंदना दुःखात विसरली होती. मी कुणाला काही बोलले नाही. मथाआत्यानं घागर खांद्यावर घेतली, आम्ही सगळ्या मागं मागं कडुलिंबापर्यंत गेलो, आणि तुझं पाणी तू केलेल्या आळ्यात पडलं. ते जिरायला क्षणसुद्धा लागला नाही. मग घागर घासली, उन्हात पालथी घातली, कोरडी झाल्यावर ताजी भरली. वरचं कापड मी बांधलं, दोनदा गाठ मारून.

भांडण तू जिंकलीस, आक्का. तुझ्याहून मोठी थाप मारून बसलेय, आणि मला रात्री झोपही चांगली लागली. पण तू अर्धंच जिंकलीस. कारण घरी जायच्या आधी तुझ्या ओट्यावर बसून मी रजिस्टर उघडलं. क्षणभर पेन थांबलं माझं. इतक्या वर्षांचा तुझा तोरा, एक अळी सापडली नाही म्हणून. मनात आलं, सोडून देऊ. कुणी बघितलंय? मग तूच आठवलीस, दारात बाजूला उभी राहून मला आत पाठवणारी. तुझ्या घराचा नंबर लिहिला. तपासलेली भांडी पाच. अळ्या असलेलं, एक.

उठले, भिंतीवर गेरूनं तारीख घातली. सवयीनं वर तुझ्या सहीची जागा सोडली आणि खाली माझी सही केली.